चाफा संघ मागे राहिला

"सिस्टर, चाफा अजून आला नाही."

नसीमानं हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी जानाईच्या देवळाच्या पायरीवर बसून भडंगाची पिशवी सोडत होते. गुलाब, मोगरा आणि जास्वंद हे तिन्ही संघ वर पोचून, हातपाय धुऊन, डबे उघडून बसले होते. चाफा संघाच्या सहा पोरींचा मात्र पत्ता नव्हता.

"येतील की," मी म्हटलं. "खुणा पुसत यायचंय त्यांना. वेळ लागणारच."

"एवढा?"

मी वर पाहिलं. नसीमाच्या ओठांचा रंग उतरला होता. मग मीही पिशवी बाजूला ठेवली.

नसीमा मुलाणी ही आंबेघोळच्या हायस्कूलमधली शिक्षिका. भूगोल शिकवायची. वर्षापूर्वी तिनं तिथं मुलींचं गाइड पथक सुरू केलं होतं. आंबेघोळ म्हणजे मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथल्या पोरींना घर, शाळा आणि शेत यापलीकडं चौथी जागा ठाऊक नव्हती. त्यांना आठवड्यातून एकदा निळा पोशाख घालून, गळ्यात स्कार्फ बांधून, शिट्टीच्या तालावर मैदानात उभं राहायला मिळायचं, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा असं डोंगरावर यायला मिळायचं. त्यासाठी त्या घरची भांडी पहाटे उठून घासून यायच्या, हे मला त्यांच्या आयांकडूनच कळलं होतं.

आणि मी कोण, तर सल्लागार. नाव भारी, काम बिनपगारी. पस्तीस वर्षं त्याच खोऱ्यात नर्स म्हणून हिंडले, त्यात जोडीनं मेढ्याच्या शाळेत गाइडचं पथकही चालवलं. निवृत्त झाल्यावर ते पथक दुसरीच्या हाती दिलं आणि आसपासच्या शाळांतल्या नव्या पथकांना मदत करायची जबाबदारी घेतली. महिन्यातून एकदा प्रत्येक शाळेत जायचं, पथक चालवणाऱ्या बाईशी बोलायचं, तिला गाठी येत नसतील तर शिकवायच्या, मुख्याध्यापक मैदान देत नसतील तर त्यांच्या खोलीत जाऊन चहा प्यायचा आणि मैदान मिळेपर्यंत उठायचं नाही. एसटीचं तिकीट आपल्याच पर्समधून.

पण एक नियम पक्का. पथक त्या बाईचं. मुलींसमोर सल्लागारानं तोंड उघडायचं नाही. आता माझं तोंड म्हणजे काय, खोऱ्यात कुणालाही विचारा. बाळंतपणाच्या खोलीबाहेर येरझारा घालणाऱ्या नवऱ्यांना मी असं फैलावर घ्यायचे की ते देवळात जाऊन बसायचे. म्हणून पथकाच्या ठिकाणी गेले की मी तोंडात एक वेलदोडा धरायचे. वेलदोडा आहे तोवर गप्प. नसीमाच्या पथकात माझे महिन्याला दोन-दोन वेलदोडे संपत, कारण ती पोरगी शिकाऊ होती आणि चुका पुष्कळ करायची. पण मागं हटायची नाही. दोरीची एक गाठ तिला येईना, तर आठवडाभर खोलीतल्या खिडकीच्या गजाला बांधत बसली होती. मला असली माणसं आवडतात.

त्या दिवशीचा खेळ माग काढण्याचा होता. नसीमानं सकाळी लवकर येऊन शाळेपासून देवळापर्यंत खुणा मांडल्या होत्या. खड्यांचा बाण म्हणजे इकडं जा, काटक्यांची फुली म्हणजे इकडं नको, आणि वर्तुळात एक ठिपका म्हणजे खेळ संपला. एकेका संघानं थोड्या थोड्या वेळानं निघायचं आणि खुणा बघत वर यायचं. सगळ्यात शेवटी चाफा. शेवटच्या संघानं मागच्या खुणा पुसत यायचं, हा या खेळातला जुना कायदा आहे. खूण राहिली तर मागून येणारा फसतो. नसीमा हे पोरींना इतक्यांदा सांगायची की पोरी तिची नक्कल करायच्या.

ती उठली, शिट्टी वाजवली. पठारावरून शिट्टी दूरवर गेली आणि काहीच परत आलं नाही.

"काय ठरवलंस?" मी हळूच विचारलं. पोरींना ऐकू जाणार नाही इतकं हळू.

तिनं क्षणभर डोळे मिटले. "सगळ्यांना घेऊन उलट निघायचं. आल्या वाटेनं. यांना इथं ठेवून मी एकटी जाणार नाही. आणखी कुणी सुटायला नको."

मला हेच हवं होतं, पण मी मान हलवण्यापलीकडं काही केलं नाही.

डबे झाकले, पोरी रांगेत लागल्या. अर्धा डोंगर उतरल्यावर वाट फुटते. चढताना डावी वाट देवळाकडं येते, उजवी खाली घळीत उतरते. तिथं नसीमानं सकाळी खड्यांचा बाण मांडला होता. आता तिथं खडे होते, पण चहूकडं पसरलेले, आणि मध्ये शेळ्यांच्या लेंड्या. तीन संघ जाईपर्यंत बाण शाबूत होता, मग कुणाचा तरी कळप त्यावरून गेला, एवढं उघड होतं.

"मग त्यांनी इथं काय बघितलं?" मी म्हटलं.

नसीमा उजव्या वाटेच्या तोंडाशी एका कातळासमोर उभी होती. कातळावर विटेच्या तुकड्यानं काढलेला लालभडक बाण होता, कुणी हातानं पुसून बघितल्यासारखा फरकटलेला, तरी स्पष्ट. टोक घळीकडं.

"हा आजचा?" मी विचारलं.

"मागच्या रविवारचा," ती म्हणाली. "माझाच आहे."

मी तिला थोडं बाजूला घेतलं. तिनं एका दमात सांगितलं. खेळ नीट जमेल की नाही याची तिला धास्ती होती. म्हणून आदल्या रविवारी ती एकटीच डोंगरावर आली होती. सगळा माग एकदा मांडून बघितला, शाळेपासून घळीतल्या झऱ्यापर्यंत, शेवटच्या वर्तुळासकट. झऱ्याची जागा तिला नंतर अडचणीची वाटली म्हणून देऊळ ठरवलं. खाली येऊन शाळेपासून पुसायला लागली तेव्हा ऊन उतरलं होतं, अंधार पडायला आला होता. खालच्या खुणा पुसल्या, घळीतल्या राहिल्या. उद्या येऊन पुसू म्हणाली. मग आठवडाभर चाचणी परीक्षेचे पेपर. आणि आज पहाटे अंधुक उजेडात खडे मांडताना हा बाण तिला दिसलाच नाही.

"पोरींना सांगते रोज," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "रोज सांगते मी."

"रडायचं नाही आता," मी म्हटलं. "रडायला संध्याकाळ आहे. हा बाण कुठं जातो ते तुला माहीत आहे ना? मग चल."

घळीची वाट काही वाईट नव्हती, पण सहा पोरी, त्यात गौरी म्हणून एक होती ती जेमतेम एवढीशी, सावलीला भ्यायची.

घळीत उतरताना आधी आवाज ऐकू आले, आणि ते पोरींचे नव्हते. एक बाई तार स्वरात कुणाला तरी झापत होती. मी तो आवाज ओळखला. यमुना पार्टे. गावात तिची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय असल्यामुळं ती साधं बोलली तरी भांडल्यासारखं वाटायचं. आज ती खरंच भांडत होती.

झऱ्यापाशी चाफा संघ एका ओळीत बसला होता. सहाच्या सहा. मी पुन्हा एकदा मोजलं. यमुना आणि तिच्याबरोबरच्या दोघी आया पोरींसमोर उभ्या होत्या. संघाची नायिका कल्याणी ही यमुनाचीच मुलगी, नववीतली, आईसारखीच रुंद खांद्यांची. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

कल्याणीनं आम्हाला बघितलं, उठून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, चाफा संघ हजर. सगळ्या आहोत."



"हजर म्हणं," यमुना गरजली. "बाई, गुराख्यानं गावात येऊन सांगितलं, पोरी झऱ्यावर एकल्या बसल्यात, मोठं माणूस कुणी न्हाई. माझ्या काळजाचं पाणी झालं. गिरणी तशीच चालू टाकून आले मी. आणि ह्या भवानीला तो बाप्या म्हणत हुता, चला खाली सोडतो, तर ही म्हणते, न्हाई, आमच्या बाई येतील. दोन तास दगडागत बसल्यात."

"इथं खेळ संपल्याची खूण होती," कल्याणी म्हणाली. "खूण आली की थांबायचं, बाईंची शिट्टी येईपर्यंत."

तिनं बोट दाखवलं. कातळावर लाल वर्तुळ होतं, मध्ये ठिपका.

"तुजी खूण गेली खड्ड्यात," यमुना म्हणाली आणि तिचं मनगट धरून तिला ओढत घेऊन निघाली. जाता जाता नसीमाकडं वळून म्हणाली, "आमच्या पोरी काय वाटेवर पडल्या न्हाईत, बाई. बास झालं तुमचं शिट्ट्या वाजवणं."

सगळी मिरवणूक मुकाट्यानं गावात उतरली. वेलदोडा कधीच चावून संपला होता आणि तोंडात आलेलं सगळं मी गिळत होते.

संध्याकाळी नसीमाच्या खोलीवर आम्ही दोघी चहा घेत होतो. मी मुक्काम करायचं ठरवलं होतं. तेवढ्यात शालेय समितीचे अध्यक्ष धनावडे आले. मनानं वाईट नव्हता तो माणूस. पथकाचं त्यांना कौतुकही होतं, सव्वीस जानेवारीला पोरींचं संचलन बघून त्यांनी स्वतः पेढे वाटले होते.

"हे बघा बाई," ते उंबऱ्यातच बसून म्हणाले, "गावात लई बोभाटा झालाय. उद्या सकाळी शाळेत आया येणार हायत. पथक बंद करा म्हणून बसतील. आता तुम्ही काय सांगणार?"

"काय झालं ते."

"ते सांगूच नका." त्यांनी हात वर केला. "मी सांगतो तसं करा. तीन संघ नीट आले ना? मग चूक चाफ्याची. म्हणजे नायिकेची. पोरगीच ती, वाट चुकली. तिला पथकातून काढली म्हणायचं. आया गप्प बसतील, पथक राहील. यमुनाबाई चार दिस आदळआपट करंल, मग इसरंल. एका पोरीपायी वीस पोरींचं बुडायला नको."

नसीमा कपाकडं बघत राहिली. मी माझ्याजवळच्या पुडीतून नवा वेलदोडा काढून तोंडात टाकला. नाहीतर त्या माणसाला मी उंबऱ्यावरून उठवलाच असता.

"विचार करा," म्हणून धनावडे गेले.

नसीमानं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सिस्टर, वर्षभरात तुम्ही मला एकदाही सांगितलं नाही, हे कर म्हणून. आज सांगा. खरं बोलले तर पथक जाईल. या पोरी परत घरात. गौरीच्या बापानं तर तिची शाळाच बंद केली असती, पथकात आहे म्हणून ती टिकली. आणि खोटं बोलले तर..."

"तर?"

"तर कल्याणी."

मी वेलदोडा काढून हातात घेतला. आता विचारलं होतं, म्हणजे बोलायची मुभा होती.

"काय करायचं ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "पथक तुझं आहे. पण माझ्या डोळ्यांनी जे बघितलं ते सांगते. ती पोरगी दोन तास तिथं का बसली? तुझ्या खुणेवर विश्वास म्हणून बसली. आईचा मार खाऊनही तुला हजेरी दिली. उद्या तिला दोषी ठरवून तू पथक वाचवशील. पण मग पुढच्या वेळी तुझी खूण बघून कोण थांबेल, एवढं बघ."

"आणि पथकच गेलं तर?"

"तर जाईल. मी सहा महिने यांच्या दारात बसून पुन्हा उभं करीन तुझ्याबरोबर. चिवट आहे मी."

ती हसली नाही. पण तिनं चहाचे कप विसळायला घेतले, आणि कप विसळतानाच मला कळलं की तिचं ठरलंय.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या, थोडे बापे मागं भिंतीला टेकून. पोरी वर्गाच्या खिडक्यांतून बघत होत्या. चाफ्याच्या सहाजणींना आयांनी आपल्याजवळच बसवलं होतं. कल्याणी खाली मान घालून बसली होती. पोरी हिनंच चुकवल्या, असं गावात बोलणं सुरू झालं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलेलं दिसत होतं.

धनावड्यांनी घसा साफ केला. "काल जरा गडबड झाली. पोरं म्हटल्यावर व्हायचंच. चाफा संघाची वाट चुकली. आता बाई सांगतील."

नसीमा पुढं झाली. मी मागं खुर्चीवर बसले होते, तिची पाठ मला दिसत होती. पाठ सरळ होती.

"चाफा संघाची वाट चुकली नाही," ती म्हणाली. "त्यांनी खूण बघितली आणि त्या खुणेमागं बरोबर गेल्या. खूण चुकीची होती. मागच्या रविवारी मी सराव करताना ती काढली आणि पुसायची राहिली. काढलेली खूण पुसायची हे मीच शिकवते. मीच पुसली नाही. चूक कल्याणीची नाही, चूक माझी आहे."

व्हरांड्यात कुजबूज उठली, मग आवाज वाढला. "म्हणजे बाईंनीच पोरी घालवल्या," कुणीतरी म्हणालं. एकजण म्हणाली, "बरं झालं, तोंडानंच कबूल केलं." धनावड्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"सिस्टर, तुम्ही मोठ्या. तुमच्या हातावर आमची निम्मी पोरं झाली. तुम्ही सांगा काय करायचं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना समजावणं मला जड नव्हतं. चार शब्द दटावले असते, चार गोड बोलले असते, तर त्या बायका उठून घरी गेल्या असत्या. पण मग ते पथक माझं झालं असतं, आणि नसीमा कायमची माझ्या पदराआडची पोर राहिली असती.

"पथक बाईंचं आहे," मी म्हटलं. "मी पाहुणी. बाईंना विचारा."

हे बोलायला मला किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक.

धनावडे वैतागले. "मग आता आयांनीच ठरवावं. ज्यांच्या पोरी अडकल्या त्यांनी. त्या हो म्हणाल्या तर पथक, न्हाईतर आजपासनं बंद."

"माझी तर न्हाईच," यमुना म्हणाली.

"ठरवा," नसीमा म्हणाली. "तुमचा अधिकार आहे. पण त्याआधी मला त्या खुणा पुसून यायचंय. अजून तिथंच आहेत, आणखी कुणी फसायला नको. तुम्ही माझ्याबरोबर चला. पोरी कुठं बसल्या होत्या, का बसल्या होत्या, ते नीट बघा. काल आपण सगळे ओरडलो, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. मीसुद्धा विचारलं नाही. तिथं विचारू, मग ठरवा."

दोन बायकांनी नाक मुरडलं. पण यमुना पदर खोचून उठली. "चला. मलाबी बघायचंय." ती उठल्यावर बाकीच्या आयांना बसता येईना.

चाफ्याच्या सहाजणींनाही बरोबर घेतलं. फाट्यापाशी नसीमानं कातळावरचा बाण ओल्या फडक्यानं घासून काढला. विटेचा रंग निघता निघेना. तिनं बूट काढून त्याच्या टाचेनं घासलं, मग नखांनी. बायका बघत उभ्या राहिल्या. घळीतल्या तीन खुणाही तिनं तशाच घासून पुसल्या. मदतीला गेलेल्या पोरींना तिनं थांबवलं. "या माझ्या आहेत," म्हणाली.

झऱ्यावर पोचल्यावर ती शेवटच्या वर्तुळापाशी गेली नाही. कल्याणीसमोर जाऊन उभी राहिली.

"कल्याणी, काल गुराखी चला म्हणाला तेव्हा तू काय म्हणालीस?"

कल्याणीनं आईकडं बघितलं.

"सांग," यमुना म्हणाली. पण कालइतका आवाज नव्हता तिचा.

"त्यो म्हणाला, खालची वाट अरुंद आहे, आणि माझी जनावरंबी हायत. दोघी-दोघींना नेतो, सोडतो, मग परत येतो. गौरी रडत होती, तिला आधी नेतो म्हणाला. मी म्हटलं, गौरी एकटी नाही जाणार. गेलो तर सगळ्या, थांबलो तर सगळ्या. मग त्यो म्हणाला, मी गावात जाऊन सांगतो. मी म्हटलं, सांगा."

"म्हणजे त्यानं येऊन सांगितलं ते..." यमुनाच्या बरोबरची बाई म्हणाली.

"मी सांगा म्हटलं म्हणून," कल्याणी म्हणाली. "मग गौरीला मधी बसवलं, डबे वाटून खाल्ले, पाणी झऱ्याचंच प्यायलो. सावली सरकंल तसं सरकत होतो. खुणेपासनं लांब गेलो नाही. बाई शोधत येणार तर खुणेवरच येणार ना."

गौरीची आई मटकन खाली बसली आणि तिनं गौरीला मांडीवर घेतलं, एवढी मोठी पोर.

नसीमा कल्याणीला म्हणाली, "सहाही जणींना तू नीट राखलंस. चुकले मी, आणि मार तू खाल्लास. मला माफ कर."

शिक्षिकेनं विद्यार्थिनीची माफी मागितलेली त्या बायकांनी कधी पाहिली नसावी. मीसुद्धा पाहिली नव्हती. कल्याणी गोंधळली, तिला हात कुठं ठेवावेत कळेना. मग तिनं नसीमाला सलाम केला, तीन बोटांचा, अगदी नीट. आणि रडायला लागली. कालपासून पहिल्यांदा.

यमुना थोडा वेळ झऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. मग पदरानं नाक पुसत वळली.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. घरात नवरा हाय, दीर हायत, सासरा हुता, गावात पुढारी हायत. चूक माझी हाय म्हणणारं माणूस मी आज पहिल्यांदा बघते."

तिनं पदर कमरेला खोचला.

"पथक चालू राहू द्या. पण एक ऐका. एवढ्या पोरी घेऊन एकटीनं डोंगर चढायचा न्हाई. दुसरं मोठं माणूस संगट पाहिजे. सिस्टरचे गुडघे बघा, त्यांचा काय उपयोग."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वेलदोडा नव्हता, तरीही.

"कोण येणार?" नसीमानं विचारलं. "मी गावात सगळ्यांना विचारून झालंय."

"मला कुठं इचारलं?" यमुना म्हणाली. "रविवारी गिरणी दुपारनंतर लावली तर कुणी उपाशी मरत न्हाई. ते शिट्टीचं आणि गाठींचं मला शिकवा म्हणजे झालं."

कल्याणीनं रडता रडता आईकडं असं बघितलं की मला हसू आलं. पोरीच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि धडकीही. आता डोंगरावरही आई.

मग नसीमा शेवटच्या वर्तुळापाशी गेली आणि तिनं ते पुसलं. खाली उतरल्यावर यमुनानं धनावड्यांना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पथक राहिलं.

पुढं दीड-दोन महिने मी नियमानं आंबेघोळला जात राहिले. यमुनाला गाठी दोनच शनिवारांत आल्या, पोती शिवणारे हात ते. शिट्टी ती अशी वाजवायची की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायची. चाफा संघाची नायिका कल्याणीच राहिली.

मार्चमध्ये नसीमाचा फोन आला.

"सिस्टर, या रविवारी पुन्हा पठारावर चाललोय. चारही संघ. यमुनाताई येतायत, गौरीची आईपण येते म्हणाली. खुणा मी आणि यमुनाताई मिळून मांडणार, पुसणारही मिळून."

"छान," मी म्हटलं. "मी सकाळच्या पहिल्या एसटीनं येते."

पलीकडं ती थांबली. मग शब्द जुळवत म्हणाली, "सिस्टर, राग मानू नका. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगलंच लागलं. खुर्चीत बसले, उठले, देवापाशी उगाच उदबत्ती सरळ केली, पुन्हा बसले. मुलगी सासरी पाठवतानाही मी एवढी कासावीस झाले नव्हते. आणि मग हळूहळू मला उमगलं की त्या पोरीच्या तोंडून हेच ऐकायला मी वर्षभर त्या घाटातल्या एसट्या धरत होते. दुसरं कशासाठी नाही. ती चुकली तेव्हा मी तिच्यासाठी बोलले असते, तर हे वाक्य मला कधी ऐकायला मिळालं नसतं.

त्या रविवारी मी सकाळची पहिली एसटी धरलीच, पण दुसऱ्या घाटाची. तिकडं वाघदऱ्याच्या शाळेत एक नवी बाई पथक सुरू करायचं म्हणत होती, आणि तिला अजून झेंड्याची दोरी बांधता येत नव्हती.